पुढल्या चाकाशी खटखट

पहाटे भिवंडीच्या अंजूर फाट्यावर उभे राहा. पिकअप गाड्यांची रांगच्या रांग समोरून जाते. कुणात कापडाचे तागे, कुणात सुताची पोती, कुणात गोदामातली खोकी. काही गाड्या काल्हेर, कशेळीवरून ठाण्याकडे जातात. काही माणकोलीला जाऊन नाशिकच्या रस्त्याला लागतात. जरा कान देऊन ऐका. एखादी गाडी खड्ड्यातून जाते आणि तिच्या पुढल्या चाकापाशी खट् खट् असे वाजते. ड्रायव्हर गाण्याचा आवाज वाढवतो आणि पुढे निघून जातो.

तो आवाज कशाचा? तो कसा शोधायचा? आणि कुठला आवाज आला म्हणजे गाडी जागीच थांबवायची? हे आपण आज पाहू. आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी कुणी ना कुणी गाडी चालवते. भाऊ असेल, मुलगा असेल, आपण स्वतः असाल. ज्याची गाडी नाही, त्याचा भाजीपाला तरी तिच्यातून बाजाराला जातो.

आमच्या ओळखीचा एक तरुण पडघ्याकडच्या गावात राहतो. त्याने कर्ज काढून जुनी पिकअप घेतली. महिन्याच्या महिन्याला हप्ता. गाडी एक दिवस उभी राहिली तर त्या दिवसाचे भाडे बुडते. हप्ता काही थांबत नाही. पावसाळ्यात त्याच्या गाडीला पुढे डाव्या बाजूला आवाज येऊ लागला. चार दिवस त्याने तो कानाआड केला. मग तो एका गॅरेजात गेला. तिथल्या माणसाने गाडी चालवून पाहिली नाही, खाली वाकूनही पाहिले नाही. "शॉकअप गेले," असे त्याने सांगून टाकले. दोन्ही बाजूंना नवे शॉकअप बसवले. पैसे गेले, दोन दिवस गेले. आवाज होता तसाच राहिला.

त्याच रात्री त्याला माल भरून नाशिकला जायचे होते. वाटेत कसारा घाट. म्हातारा बाप म्हणाला, "घाट चढायच्या आधी एकदा भिवंडीच्या म्हाताऱ्या मिस्तरीला दाखव. मग जा." तरुण कुरकुरत गेला. आम्हीही त्याच्याबरोबर गेलो.

"चाचा, पुढं डावीकडं वाजतंय. काय बदलायचं ते सांगा."

"बदलायचं मागनं बघू. आधी मला सांग, कधी वाजतं?"

"सारखंच वाजतंय की."

"सारखं कसं वाजंल? उभ्या गाडीत वाजतं? ब्रेक दाबल्यावर? वळताना? दोन्ही चाकं एकदम चढली की एकच चाक खड्ड्यात गेलं की?"

तरुण गप्प झाला. आवाज तो रोज ऐकत होता. पण तो कधी येतो, हे त्याने पाहिलेच नव्हते.

भिवंडीच्या माणसाला खरे तर हे नवे नाही. यंत्रमागाच्या कारखान्यात शिरलात तर कानठळ्या बसतात. शेजारच्या माणसाचे बोलणे ऐकू येत नाही. पण त्या खडखडाटात आपला एक माग जरा निराळा वाजला, की मागवाला लगेच मान वळवतो. धोटा नीट जात नाही हे त्याला कानाने कळते. मिस्तरीचाचाचा कान तसाच होता. त्याने पान्याला हात लावला नाही. तो तरुणाच्या शेजारी बसला आणि म्हणाला, "चल, एक चक्कर मार."

गाडीला कमान कशाला?

चाचाची चक्कर होईपर्यंत आपण दुसरी गोष्ट समजून घेऊ.

बैलगाडीला कमान नसते. चाक दगडावर चढले की दणका थेट पाठीच्या कण्याला बसतो. टांग्याला कमान असते. एकावर एक लोखंडी पट्ट्या ठेवलेल्या, मधे जाड आणि टोकाला पातळ. दणका बसला की पट्ट्या लवतात, मग पुन्हा पहिल्यासारख्या होतात. मोटारीला हीच कमान आली. भिवंडीत तिला पाटे म्हणतात.

पुष्कळ पिकअप गाड्यांना पुढेही पाटे असतात. पुढच्या दोन चाकांना जोडणारा जाड लोखंडी आस असतो. त्याच्या दोन बाजूंना पाट्यांचे दोन संच. सर्वांत मुख्य पाट्याची टोके गोल वळवलेली असतात. त्याला डोळा म्हणतात. एक डोळा चासीला, म्हणजे गाडीच्या लोखंडी सांगाड्याला, पिनेने पक्का धरलेला असतो. दुसरा डोळा मात्र झोपाळ्याच्या कडीसारख्या एका दुव्याला टांगलेला असतो. त्याला शॅकल म्हणतात. असे का? पाटा वाकलेला असतो तेव्हा त्याची दोन टोके जवळ असतात. दणक्याने तो सपाट झाला की टोके लांब जातात. दोन्ही टोके पक्की आवळली तर पाटा लवणार कसा? म्हणून एक टोक झुलते ठेवतात.

डोळ्यात पिन फिरते. लोखंडावर लोखंड घासू नये म्हणून मधे बुश घालतात. बुश म्हणजे एक नळी. कुठे रबराची, कुठे धातूची. धातूच्या बुशाला ग्रीस लागते. रबराच्या बुशाला ग्रीस लागत नाही. हा फरक ध्यानात ठेवा. त्याचे काम पुढे पडणार आहे.

पाट्यांच्या मधोमध एक बोल्ट आरपार जातो. तो सेंटर बोल्ट. त्याचे डोके आसाच्या खाचेत बसते, म्हणून आस जागेवर राहतो. आणि सगळे पाटे आसाशी घट्ट बांधून ठेवायला घोड्याच्या नालासारखे वाकवलेले दोन जाड बोल्ट असतात. ते यू-बोल्ट. पाट्याचा सारा जोर या यू-बोल्टांवर असतो. सेंटर बोल्ट बिचारा बारीक. त्याचे काम जागा दाखवण्याचे, भार पेलण्याचे नव्हे.

आता शॉकअप. पाटा एकदा लवला की तो झोपाळ्यासारखा खालीवर होत राहतो. ते थांबवायला शॉकअप लागतो. रंगपंचमीची पिचकारी आठवा. बारीक भोकातून पाणी काढायला जोर पडतो ना? शॉकअपमध्ये तेल असते. दट्ट्या खालीवर होताना ते बारीक भोकांतून जाते. त्याला जोर पडतो आणि गाडीचे उसळणे थांबते. गाडीचा भार मात्र पाटे घेतात, शॉकअप नव्हे. पुष्कळ ड्रायव्हरांची इथेच चूक होते. गाडी खाली बसली म्हणून ते शॉकअप बदलतात.

काही पिकअपना पुढे पाटे नसतात. त्यांना गोल वेटोळ्याची स्प्रिंग असते किंवा पीळ घेणारी लांब लोखंडी कांडी असते. तिथे चाक दोन हातांनी धरलेले असते, एक वर आणि एक खाली. या हातांना सांधे असतात. आपल्या खुब्याचा सांधा असतो ना, वाटीत गोळा? तसाच. त्याला बॉल जॉइंट म्हणतात. रचना निराळी, पण आवाज शोधायची रीत तीच.

आवाज आवाजात फरक

चाचाने चक्कर कशी मारली ते पाहा. आधी सावकाश गतिरोधकावरून नेली, दोन्ही चाके एकदम चढतील अशी. मग एकच चाक खड्ड्यात जाईल अशी. मग मोकळ्या जागेत स्टिअरिंग पूर्ण डावीकडे, पूर्ण उजवीकडे. मग थोडा वेग धरून जोराने ब्रेक. प्रत्येक वेळी त्याने काच खाली ठेवली होती. तोंडाने एक शब्द नाही.

प्रत्येक चालीत एकेक भाग बोलतो. बारीक खड्ड्यातून हळू जाताना खटखट झाली तर बुश झिजलेला असतो किंवा शॉकअप जिथे बांधलेला आहे तिथला रबर गेलेला असतो. काही गाड्यांना पुढे डाव्याउजव्या चाकांना जोडणारा एक वाकडा दांडा असतो. वळणावर गाडी कलू नये म्हणून तो बसवलेला असतो. दोन्ही चाके एकदम वर गेली तर त्याला पीळ पडत नाही. एकच चाक वर गेले तर पडतो. म्हणून गतिरोधकावर गाडी गप्प राहिली आणि एकट्या चाकाच्या खड्ड्यात वाजली, तर त्या दांड्याच्या दुव्यांकडे आधी पाहावे.

कोरड्या बैलगाडीसारखे कुरकुरते, किर्र किर्र वाजते? मग ग्रीस संपले आहे किंवा पाटे गंजून एकमेकांवर घासत आहेत. हा आवाज कानाला वाईट लागतो, पण सहसा एवढा घातक नसतो. खड्ड्यात धाड्कन एकच दणका येतो? मग पाटे इतके लवले आहेत की आस चासीखालच्या रबरी ठोकळ्यावर जाऊन आपटतो. माल जादा झाला आहे किंवा पाटा दमला आहे, तुटला आहे.

सपाट रस्त्यावर घरघर येते आणि वेगाबरोबर वाढते, तर तो कमानीचा आवाजच नव्हे. चाकाचे बेअरिंग पाहा. गाडी डावीकडे वळली की भार उजव्या चाकावर जातो. तेव्हा घरघर वाढली तर संशय उजव्या बेअरिंगचा. उलट वळणाला उलटे.

खड्ड्यात खटखट होते, पण ब्रेकवर नुसता पाय टेकवला की थांबते? मग ब्रेकचे पॅड सैल असतील. ही युक्ती फुकटची आहे. हजार रुपयांचा भाग बदलण्याआधी करून पाहायला काय हरकत आहे?

आणि ब्रेक दाबताना किंवा गाडी उचलताना एकदाच ठक्! असा आवाज आला तर सावध व्हा. काहीतरी जाड वस्तू जागेवरून सरकते आहे. एस.टी.त ड्रायव्हरने ब्रेक दाबला की उभी माणसे पुढे जातात. गाडीचा भारही तसाच पुढे झुकतो. पिकअपमध्ये माल मागच्या चाकांवर जास्त असतो हे खरे. पण ब्रेकच्या वेळी पुढच्या पाट्यांवर मोठा जोर येतो. तेव्हा जे सैल असेल ते सरकते आणि ठक् वाजते.

तरुणाच्या गाडीत हेच झाले. ब्रेक दाबला की ठक्. सोडून पुन्हा पुढे निघाली की ठक्. चाचा म्हणाला, "गाडी बाजूला घे. बंद कर. स्टिअरिंग सरळ ठेव."

आधी फुकटचे, मग पैशाचे

चाचाने गाडीखाली जाण्याआधी आणखी एक गोष्ट केली. सीटखालचा जॅक आणि पाने बाहेर काढून ठेवले. फाळक्याच्या साखळ्या हाताने हलवून पाहिल्या. चाकांचे नट पान्याने तपासले. "निम्मे आवाज पान्यांच्या पेटीतच असतात," तो हसून म्हणाला. आम्हीही एकदा असेच फसलो होतो. चार दिवस आवाज शोधला आणि शेवटी सीटखाली पाण्याचा रिकामा डबा निघाला! चाकाचा नट सैल असेल तर मात्र हसण्यासारखे काही नाही. चाक निघून जाऊ शकते.

आता आपल्या दारात काय पाहता येते ते सांगतो. गाडी सपाट, टणक जागी लावा. हँडब्रेक ओढा, गिअरमध्ये ठेवा, मागच्या चाकांना पुढूनमागून दगड किंवा लाकडी ठोकळे लावा. आधी चाके जमिनीवर असतानाच कडेला बसून, वाकून पाहा. चिखल धुऊन काढला तर बरे. भिवंडीच्या पावसात सारे काही चिखलाने माखलेले असते आणि चिखलाआड चीर दिसत नाही.

बोल्टाच्या भोवती लालसर भुकटी दिसली तर तिथे लोखंड लोखंडावर घासते आहे. लोखंडाचा चकचकीत पट्टा दिसला तरी तोच अर्थ. रबर फाटून बाहेर आला असेल तर बुश गेला. शॉकअपवर तेल गळून त्यावर धुळीचा लगदा झाला असेल तर शॉकअप गेला. नुसता ओलसरपणा असेल तर पुसून ठेवा आणि आठ दिवसांनी पुन्हा पाहा. पाट्यांच्या कडांवरून बोट न फिरवता नजर फिरवा. तुटलेल्या पाट्याची कड धारदार असते.

नंतर एकाला स्टिअरिंगवर बसवा. त्याने ते थोडे डावीकडे, थोडे उजवीकडे हलवावे, पूर्ण फिरवू नये. दुसऱ्याने बाजूला बसून स्टिअरिंगच्या दांड्यांचे सांधे पाहावे. दांडा हलला आणि पुढचा भाग उशिरा हलला, तर त्या सांध्यात खेळ आहे. या सांध्याला टाय रॉड एंड म्हणतात. त्यात खेळ असेल तर दुसऱ्या दिवसाची वाट पाहू नका. हा सांधा सुटला की स्टिअरिंग हातात राहते आणि चाक आपल्या मनाला येईल तिकडे वळते.

आता एक चाक जॅकवर उचला. जॅक नुसता पुरत नाही. चासीखाली भक्कम घोडी लावा आणि भार तिच्यावर येऊ द्या. विटांची चळत लावू नका. वीट भाराने फुटते आणि फुटताना ओरडून सांगत नाही. नुसत्या जॅकवरच्या गाडीखाली डोके घालणारा माणूस आम्ही पाहिला की आमच्या पोटात गोळा येतो. जॅक सरकून माणसे मेली आहेत. कितीही घाई असो, तेवढे करू नका.

चाक हे घड्याळ समजा. एक हात बाराच्या जागी, एक सहाच्या जागी धरा आणि हलवा. खटखट झाली तर खेळ आहे. पण खेळ कुठला? आत बसलेल्याला ब्रेक दाबून धरायला सांगा आणि पुन्हा हलवा. खेळ नाहीसा झाला तर तो बेअरिंगचा. तसाच राहिला तर किंगपिनचा किंवा बॉल जॉइंटचा. किंगपिन म्हणजे ज्या खुंटीवर पुढचे चाक डावीउजवीकडे वळते ती. मग हात नऊच्या आणि तीनच्या जागी धरून हलवा. इथे खेळ असेल तर टाय रॉडचे सांधे पुन्हा पाहा.

लोक गाडीचा कोपरा दाबून सोडतात आणि ती किती वेळा उसळते ते मोजतात. मोटारकारला ही रीत ठीक आहे. पिकअपचे पाटे इतके ताठ असतात की एका माणसाच्या जोराने ते फारसे लवतच नाहीत. तेवढ्यावरून शॉकअप चांगला किंवा वाईट ठरवू नये.

आणखी एक. आवाज डावीकडून आला म्हणजे दोष डावीकडेच, असे नसते. लोखंडी चासीतून आवाज इकडचा तिकडे जातो. म्हणून चाचा कानापेक्षा हातावर भरवसा ठेवतो. दुसऱ्याला चाक हलवायला सांगतो आणि आपला तळवा बाहेरून सांध्यावर ठेवतो. जिथे ठोका हाताला लागतो, तिथे दोष. बोटे मात्र फटीत घालायची नाहीत.

दोरीने मोजले

तरुणाच्या गाडीखाली चाचा वाकला आणि लगेच उठला. त्याने खिशातून सुताची जाड दोरी काढली. उजवीकडे पुढच्या चाकाच्या मध्यापासून मागच्या चाकाच्या मध्यापर्यंत ती ताणली आणि गाठ मारली. तीच दोरी डावीकडे ताणली. गाठ पुढे आली. डावीकडचे अंतर बोटभर कमी होते!

"बघ," चाचा म्हणाला, "तुझा आस मागं सरकलाय."

डाव्या बाजूचे यू-बोल्ट सैल होते. त्यांच्याभोवती लाल भुकटी साचली होती. सेंटर बोल्टाचे डोके तुटले होते. घडले होते ते असे. दोन महिन्यांपूर्वी त्या बाजूचा एक पाटा तुटला म्हणून बदलला होता. नवे पाटे बसले की भाराखाली ते एकमेकांवर नीट दबतात आणि यू-बोल्ट थोडे ढिले पडतात. म्हणून भार घेऊन काही दिवस गाडी चालली की ते पुन्हा आवळावे लागतात. किती किलोमीटरने, ते गाडीच्या पुस्तकात दिलेले असते. हे तरुणाला कुणी सांगितले नव्हते. यू-बोल्ट सैल झाले, सारा जोर बारीक सेंटर बोल्टावर आला. खड्डा प्रत्येक वेळी चाकाला मागे ढकलतो. एके दिवशी बोल्ट तुटला आणि आस सरकू लागला.

"स्टिअरिंग सरळ धरलं की गाडी डावीकडं ओढत होती का?"

"ओढत होती. मला वाटलं हवा कमी असंल."

चाचा काही बोलला नाही. आम्ही त्या रात्रीचा घाट डोळ्यांपुढे आणला. घाटातल्या वळणावर ब्रेक दाबायचा आणि त्याच क्षणी आस आणखी सरकायचा. समोरून भरलेला ट्रक. शॉकअप नवे कोरे होते म्हणून काय झाले असते?

शॉकअपची गंमत पुढेच आहे. जुने शॉकअप चांगले होते की वाईट, हे आता कळायला मार्ग नव्हता. ते त्याने गॅरेजातच सोडून दिले होते. बिलही घेतले नव्हते. चाचा म्हणाला, "जुना माल नेहमी परत मागावा. आपल्या पैशाचा असतो."

बांधताना काय पाहावे

चाचाने सेंटर बोल्ट नवा घातला. यू-बोल्टही नवे घातले. एकदा ताणलेला यू-बोल्ट पुन्हा वापरणे बरे नव्हे. चार नट त्याने आलटून पालटून थोडेथोडे आवळले, एकच नट करकचून नव्हे. शेवटचा आवळ माप दाखवणाऱ्या पान्याने दिला. भिवंडीत पुष्कळ जण पान्यावर पाइप चढवून अंगाच्या जोराने आवळतात. कमी आवळला तर सुटतो आणि जादा आवळला तर आटे ताणून बोल्ट तुटतो. माप कंपनीच्या पुस्तकात असते. आता आपल्याला वाचता येते, तेव्हा ते पान मिस्तरीपुढे उघडून ठेवायला लाजू नका.

शॅकलचे रबरी बुशही फाटले होते. तेही बदलले. इथे त्याने एक गोष्ट केली, ती पुष्कळ गॅरेजांत करत नाहीत. पिनेचे नट त्याने आधी सैलच ठेवले. गाडी खाली उतरवली, चाकांवर भार येऊ दिला आणि मग नट आवळले. रबरी बुश पिनेभोवती घसरत नाही, तो पीळ घेतो. गाडी वर टांगलेली असताना आवळला, तर खाली उतरताच त्याला पीळ पडतो आणि तो कायम पिळलेलाच राहतो. मग तो लवकर फाटतो आणि आपण म्हणतो, हल्ली मालच खराब येतो.

कुरकुर थांबावी म्हणून पाट्यांवर आणि रबरावर जळके इंजिन ऑइल किंवा डिझेल ओतायची सवय आहे. दोन दिवस आवाज थांबतो खरा. पण तेलाने रबर फुगतो, मऊ पडतो आणि लवकर जातो. शिवाय ओल्या तेलाला धूळ चिकटते आणि ती पॉलिश कागदासारखी घासते. जिथे ग्रीसचे निपल आहे तिथे गनने ग्रीस भरा. जुने काळे ग्रीस बाहेर येऊन नवे दिसेपर्यंत भरा. पावसाळ्यात पाण्यातून गाडी जात असेल तर हे जास्त वेळा करा. कामवारी नदीचे पाणी रस्त्यावर चढते तेव्हा आणि खाडीकडच्या भागात भरतीचे खारे पाणी लागते तेव्हा ग्रीस लवकर धुऊन जाते, गंजही लवकर चढतो.

गोल वेटोळ्याची स्प्रिंग मात्र घरी सोडू नका. ती दाबलेली असते. चुकीचा नट काढला तर ती सुटून माणसाला मारते. पीळ घेतलेल्या कांडीचेही तसेच. हे काम ज्याच्याकडे स्प्रिंग दाबून धरायचे हत्यार आहे त्याचे. टाय रॉडचा सांधा बदलला तर अलाइनमेंट करून घ्यायची, नाही तर नवे टायर एका कडेने खाऊन जातात. शॉकअप बदलायचेच असतील तर दोन्ही बाजूंचे बदलावेत, एक नवा आणि एक जुना ठेवू नये.

भाराचे बोलायचे आम्हाला जरा अवघड वाटते. भाडे ठरवणारा वेगळा, माल भरणारा वेगळा आणि दंड मात्र गाडीवाल्याला. 2019 साली मोटार कायद्यात बदल झाला. जादा भारासाठी 20,000 रुपये दंड आणि दर जादा टनामागे आणखी 2,000 रुपये असे त्यात आहे. नाही म्हटले तर पुढचे भाडे जाते, हेही खरे. पण निदान माल कसा रचायचा ते आपल्या हातात असते. जड माल फाळक्याकडे रचला की मागचा भाग दबतो आणि पुढची चाके हलकी होतात. स्टिअरिंग तरंगल्यासारखे लागते. जड खोकी केबिनकडे घ्या, हलकी मागे.

काम झाल्यावर चाचाने प्रत्येक नटावरून त्याच्या खालच्या लोखंडापर्यंत खडूने एक रेघ ओढली. नट जरा जरी फिरला तर रेघ तुटते आणि लांबूनही दिसते. खडू पावसात जातो, म्हणून तरुणाने नंतर त्यावर पांढरा रंग दिला. मग त्याच रस्त्याने, त्याच गतिरोधकावरून, त्याच खड्ड्यातून चक्कर मारली. जोराने ब्रेक दाबला. काही वाजले नाही. दोरी पुन्हा ताणली. दोन्हीकडे गाठ एकाच जागी आली.

त्या रात्री तो नाशिकला गेला नाही. शेटला फोन करून एक दिवस मागून घेतला. शेट चिडला. दुसऱ्या दिवशी भार घेऊन तो जवळच्या जवळ फिरला आणि संध्याकाळी यू-बोल्ट तपासायला चाचाकडे आला. एका नटाने थोडा आवळ घेतला. गाडीच्या कप्प्यात आता एक वही आहे. तिच्यात तारीख, किलोमीटर, काय वाजले, काय बदलले, असे तो लिहितो. पहिल्या पानावर त्याने मोठ्या अक्षरांत लिहिले आहे: डावे यू-बोल्ट, पुढच्या सोमवारी पुन्हा आवळणे.